पाड्यापासून केंद्रापर्यंत
अभ्यासपाठ: अत्याचारग्रस्तांसाठी सरकार सेवा कशी नेमते आणि त्यात आपण कुठे उभे राहायचे



गेल्या अंकात निवाऱ्यासाठीच्या निधीची विनंती छापली होती. त्यावर दोन-तीन सभासदांनी विचारले, "ताई, बायकांसाठी सरकारची केंद्रे आहेत, हेल्पलाइन आहेत, वकीलही फुकट मिळतो. मग आपल्या दानातला पैसा तिथे कशाला?" प्रश्न रास्त आहे. दान देणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. या वेळचा पाठ त्याच प्रश्नावर आहे. महिला संघात किंवा तरुण संघात वाचणार असाल तर दोन बैठका ठेवा, कारण कायद्याच्या गोष्टी एका दमात पचत नाहीत.

लूककृत शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातला चांगला शोमरोनी आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. जखमांवर तेल आणि द्राक्षारस, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवणे, उतारशाळेत नेणे, बहुतेक उपदेश इथे संपतात. मी मात्र अलीकडे दुसऱ्या दिवसाच्या सकाळपाशी अडते. शोमरोनी तिथे राहिला नाही, त्याला त्याच्या कामाला जायचे होते. त्याने रखवालदाराला दोन नाणी दिली, काम सांगितले, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन असा शब्द दिला. आजच्या भाषेत तो करारच होता. आगाऊ रक्कम ठरली, काम ठरले, उरलेला हिशेब कोण आणि कधी चुकता करणार तेही ठरले. पैसा एकाचा आणि रात्रीची शुश्रूषा दुसऱ्याची. रखवालदाराचे नाव कुणी विचारत नाही, पण तो माणूस जगला असेल तर त्याच्या हातून.

सरकारही पीडितांसाठी बहुतेक वेळा असेच करते. पैसा आणि नियम सरकारचे असतात, हात दुसऱ्या कुणाचे. हे हात कसे निवडले जातात ते आधी समजून घेऊ.

काही ठिकाणी सरकार आपलाच माणूस नेमते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा 2005 सालचा, तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्यात प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमण्याची जबाबदारी राज्य सरकारवर आहे. बाईची हकीकत ठरलेल्या नमुन्यात लिहून घेणे, ती न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे, तिला वकील, दवाखाना, निवारा मिळवून देणे ही या अधिकाऱ्याची कामे. या लिहिलेल्या हकीकतीला कौटुंबिक घटना अहवाल म्हणतात. कचेरीत सगळे 'डीआयआर' म्हणतात, तुम्हीही तोच शब्द लक्षात ठेवा, कारण दारात उभे राहून पूर्ण नाव सांगितले तर समोरचा गोंधळतो.

काही ठिकाणी सरकार वास्तू आणि अनुदान देते आणि माणसे कंत्राटावर घेते. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या त्या भयानक घटनेनंतर 2013 च्या अर्थसंकल्पात 1000 कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर झाला. त्या निधीतून 1 एप्रिल 2015 पासून 'सखी' वन स्टॉप सेंटरची योजना आली. एका छताखाली पोलिसांची मदत, वैद्यकीय मदत, समुपदेशन, कायद्याचा सल्ला आणि 5 दिवसांपर्यंत राहण्याची सोय, अशी ही कल्पना. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती त्यावर लक्ष ठेवते. पुढे ही योजना 'मिशन शक्ती'त आली, आणि जास्त दिवस राहावे लागणाऱ्या बायकांसाठीची जुनी स्वाधार गृहे 'शक्ती सदन' या नावाखाली गेली. अशी गृहे पुष्कळ ठिकाणी स्वयंसेवी संस्था चालवतात. सरकार हप्त्याने अनुदान देते, आणि आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. शोमरोन्याने आगाऊ दिले तसे सरकारही देते, पण फेडीन म्हणून गेलेला पाहुणा कधी परतेल हे रखवालदाराला ठाऊक नसते. तोवर वाण्याचे बिल त्याच्याच नावावर चढते.

तिसरी रीत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याविषयी सगळ्यांत कमी बोलले जाते. त्यात सरकार इमारत देत नाही आणि कायमची नोकरीही देत नाही. ते यादी करते. यादीत नाव असलेल्या संस्थेला किंवा व्यक्तीला कायदा ठरावीक अधिकार देतो आणि काम पडेल तेव्हा मानधन देतो. त्याकडे वळण्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ही यादी का लागते ते मला त्या चुकीने शिकवले.

काही वर्षांपूर्वी सातपुड्यातल्या एका पाड्यावरची बाई आमच्याकडे आली. वय तिशीचे, तीन लेकरे. नवरा दारू पिऊन मारत असे, त्या वेळी लाकडाने मारले होते. मी तिला घेऊन केंद्रात जायचे ठरवले. पहाटे पाडा सोडला, दोन तास उतार चालून सडकेला लागलो, तिथून काळी-पिवळी, मग एसटी. पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि बाईने सकाळपासून चहाशिवाय काही घेतले नव्हते. समुपदेशक मुलगी चांगली होती. तिने पाणी दिले, आम्हाला बसवले. पण तिला पावरी येत नव्हती, बाईला मराठी जेमतेम, आणि माझी पावरी बाजारातली. भाव विचारण्यापुरती.

मुलीने छापील नमुन्यातला प्रश्न विचारला, "तुम्हाला पतीसोबत नांदायचे आहे का?" बाईने माझ्याकडे पाहिले. मी मोडक्या पावरीत विचारले, नवऱ्याच्या घरी जायचंय का? ती लगेच "हो" म्हणाली. मुलीने लिहिले, अर्जदार पतीसोबत नांदण्यास इच्छुक आहे. खाली बाईचा अंगठा झाला आणि साक्षीदार म्हणून मी सही केली. नवऱ्याला बोलावून समज देण्यात आली आणि आम्ही परतलो. मनातून मी प्रभूचे आभारही मानले की घर मोडले नाही.

पंधरवड्यात ती सरकारी दवाखान्यात होती, हात मोडलेला. आमच्याच वसतिगृहात शिकलेली आणि तेव्हा नर्सिंगचे शिक्षण घेणारी एक पावरी मुलगी माझ्याबरोबर होती. ती खाटेवर बसून तिच्याशी अर्धा तास बोलली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, ती म्हणते, मी घरी जायला हो म्हटलं ते पोरं आणायला. पोरं तिथंच होती ना. पोरं घेऊन परत तुमच्याकडं येणार होती."

ती पोरे आणायला निघाली होती आणि आम्ही तिला नांदायला पाठवले. त्या कागदावर माझी सही आहे.

यात केंद्राचा दोष काढावा असे मला वाटत नाही. सरकारने तिथे जे नेमले होते ते सगळे होते, खोली, टेबल, समुपदेशक, नमुना, शिक्का. पाड्यापासून त्या टेबलापर्यंतचा टप्पा तेवढा कुणी नेमला नव्हता. तिची बोली, वाटेचे भाडे, दिवसभराचे जेवण, घरी राहिलेली लेकरे, दुसऱ्या दिवशी "काय झालं गं?" असे विचारणारे कुणीतरी, हे सगळे त्या टप्प्यात मोडते. सरकारला जे मोजता येते ते ते विकत घेते. खाटा मोजता येतात, केसेस मोजता येतात. अंगठ्याआधीचा अर्धा तास मोजायला रकाना नसतो.

पण नंतर कायदे काढून वाचले तेव्हा कळले की या टप्प्यासाठीही तरतूद आहे. जागा ठेवलेल्या आहेत आणि मानधनही ठरवलेले आहे, त्या जागांवर उभे राहायला माणसे तेवढी गेलेली नसतात.

दुभाष्याचेच घ्या. लैंगिक अत्याचारापासून बालकांना संरक्षण देणारा पॉक्सो कायदा 2012 सालचा. त्यात पोलीस किंवा न्यायदंडाधिकारी जबाब घेताना दुभाष्याची मदत घेऊ शकतात, त्याचे शुल्क द्यायचे असते. या कायद्याच्या 2020 च्या नियमांप्रमाणे जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाषी, अनुवादक, विशेष शिक्षक, तज्ज्ञ आणि साहाय्यक व्यक्ती यांची नोंदवही ठेवायची असते. दुभाष्याला पदवी लागत नाही. मुलाची भाषा आणि राज्याची भाषा दोन्ही कामापुरत्या यायला हव्यात, मग ती मातृभाषा असो, निदान प्राथमिक शाळेतली माध्यमभाषा असो किंवा त्या भागात राहून, काम करून शिकलेली असो. मोबदला कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी असू नये असेही नियम सांगतो. आता मला सांगा, पावरी, भिली, कोकणी, वारली, कोरकू, माडिया बोलणारी आणि दहावी-बारावी झालेली मुले-मुली कुणाच्या वसतिगृहांतून बाहेर पडली? शंभर वर्षे मिशनने जे शिक्षण दिले त्याचे फळ ह्या एका नोंदवहीसाठी तयार पडून आहे.

साहाय्यक व्यक्ती हे आणखी मोठे काम. कचेरीत तिला 'सपोर्ट पर्सन' म्हणतात. मुलावर अत्याचाराची तक्रार आली की पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते. समिती मुलासाठी साहाय्यक व्यक्ती देऊ शकते. तपासात आणि खटल्यात मुलाबरोबर राहणे, पुढे काय होणार ते मुलाला कळेल असे सांगणे, आईबापांना तारखा आणि मिळणारी मदत समजावणे हे तिचे काम. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या व्यवस्थेकडे लक्ष देऊन, साहाय्यक व्यक्ती मिळावी की नाही हे पालकांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही असे बजावले. बाल कल्याण समिती अन्न, कपडे, प्रवास यांसाठी तातडीच्या रकमेची शिफारसही करू शकते आणि ती आठवड्याभरात मिळायला हवी. ही तरतूद ठाऊक नाही म्हणून आईबाप शेळी विकून तारखेला येतात.

प्रवासाचा विषय निघालाच आहे तर अॅट्रॉसिटीच्या प्रकरणांविषयीही सांगते. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. त्याच्या 1995 च्या नियमांत पीडित आणि साक्षीदारांना तपासासाठी आणि खटल्यासाठी जाण्या-येण्याचे भाडे, किमान वेतनाइतका रोजचा भत्ता आणि बाई, बालक किंवा म्हातारे माणूस असेल तर सोबत आलेल्या एका माणसाचेही भाडे द्यायला सांगितले आहे. म्हणून तिकिटे जपून ठेवायला शिकवा. आमच्याकडे प्रत्येकीला एक प्लास्टिकची पिशवी देतो, तिकीट त्यात, दवाखान्याची चिठ्ठी त्यात, पोलिसांनी दिलेली एफआयआरची प्रत त्यात. ही प्रत फुकट मिळते, झेरॉक्सचे पैसेही द्यायचे नाहीत. याच नियमांखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते. तिची बैठक निदान 3 महिन्यांतून एकदा व्हायला हवी, म्हणजे आपले पत्रक निघते तेवढ्या वेळा. त्या समितीवर स्वयंसेवी संस्थांच्या सदस्यांनाही घेता येते.

आणि सेवा देणारी संस्था. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 10 खाली, स्त्रियांच्या हिताचे काम हा उद्देश असलेली नोंदणीकृत संस्था राज्य सरकारकडे सेवा देणारी संस्था म्हणून नोंद करू शकते. तिने अर्जाआधी किमान 3 वर्षे असे काम केलेले असावे लागते. नोंद झाली की बाईच्या इच्छेने डीआयआर लिहिण्याचा, तिची वैद्यकीय तपासणी करवून घेण्याचा आणि निवारागृहात जागा मिळवून देण्याचा अधिकार संस्थेला मिळतो. चांगल्या हेतूने केलेल्या कामाबद्दल तिच्यावर खटला भरता येत नाही. म्हणजे पाड्याजवळ, तिच्या बोलीत, तिला कळेल असा पहिला कागद आपल्याच हातांनी लिहिता येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे ते तो तयार कागद घेऊन.

बाहेरच्या माणसांना सरकारी व्यवस्थेच्या आत बसवण्याचा हा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सोबतीने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्य शिकलेल्या बायका पोलिसांच्याच इमारतीत बसू लागल्या, पण पोलीस म्हणून नव्हे. पुढे 2005 च्या सुमारास राज्य सरकारने ही योजना आपली मानली आणि जिल्ह्यांत नेली. वीस वर्षे कुणीतरी खुर्ची टाकून बसून राहिले, तेव्हा सरकारने ती खुर्ची आपल्या अंदाजपत्रकात धरली. आमच्यासारख्या छोट्या संस्थांना यातून पुष्कळ धीर येतो.

आता जड भागाकडे येते. संस्थेने या यादीत नाव घातले की काही अटी आपोआप लागतात. त्यांतल्या दोन-तीन आपल्या मंडळ्यांच्या सवयींना थेट छेद देतात. कार्यकारिणीत यावर वाद झाला आहे, तो तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

पहिली अट कळवण्याची. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कुणालाही कळले, किंवा होण्याची शक्यता वाटली, तरी त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. यातून पाळकसाहेब सुटत नाहीत, वसतिगृहाचे अधीक्षक सुटत नाहीत आणि मीही सुटत नाही. न कळवणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. एका मंडळीत असे प्रकरण मला कळले तेव्हा वडीलजनांपैकी एक आदरणीय गृहस्थ म्हणाले, "बाई, पंधरा दिवस उपासप्रार्थना करू, मग ठरवू." त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण कायद्यात पंधरा दिवस नाहीत, आणि त्या पंधरा दिवसांत मुलगी रोज त्याच वाटेने पाणी भरायला जाणार होती. मी त्याच संध्याकाळी कळवले. त्या मंडळीत मला नंतर बरेच महिने बोलायला बोलावले नाही.

समेटाची सवय आपल्यात खोल आहे आणि तिला वरूनही पाठबळ मिळाले आहे. 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच मिटवा, तंटामुक्त ठरलात तर लोकसंख्येनुसार बक्षीस. गावाची शांतता सरकारने अशा रीतीने गावाकडूनच करून घ्यायचे ठरवले. बांधाचे, वाटणीचे, शिवीगाळीचे कित्येक तंटे त्यात मिटले, लोकांचे कोर्टाचे हेलपाटे वाचले, हे खरेच आहे. पाड्यावरचे पंचही बैलाचा, जमिनीचा न्याय आपल्यापेक्षा चांगला करतात. पण कमी तंट्यांना बक्षीस लावले की तक्रार करणारी बाई गावाच्या डोळ्यांत बक्षीस घालवणारी ठरते. मोहिमेत तडजोडीस पात्र तेवढेच गुन्हे मिटवायचे होते. बलात्कार किंवा मुलावरचा अत्याचार तडजोडीस पात्र नाही. पंचांनी दंड ठरवला तरी गुन्हा मिटत नाही, आणि दंडाची रक्कम मुलीच्या हातात पडल्याचे मी तरी पाहिलेले नाही. आपल्या मंडळीतला समेट वेगळा आहे असे आपल्याला वाटते. त्या मुलीच्या जागी बसून पाहिले तर तो फारसा वेगळा दिसत नाही.

दुसरी अट गुप्ततेची, आणि इथे मी आपल्या या पत्रकाकडेही बोट दाखवते. पीडित बालकाचे नाव, पत्ता, फोटो, शाळा, घरच्यांची ओळख, ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करायला पॉक्सो कायद्याची मनाई आहे, आणि बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे. आपल्या प्रार्थनासभांत काय होते? "अमक्या गावच्या, अमक्या बहिणीच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिच्यावर असा असा प्रसंग गुदरला." आठवडा संपायच्या आत तालुकाभर होते. प्रार्थना जरूर करा, प्रभूला नाव ठाऊक आहे, माइकवरून सांगायची गरज नाही. आणि दान देणाऱ्या बंधुभगिनींना हात जोडून विनंती, फोटो मागू नका. कुणाला मदत झाली ते दिसत नाही म्हणून तुम्हाला चुकल्यासारखे वाटते हे मी समजू शकते. ऑडिट केलेला हिशेब मागा, तो आम्ही देतो.

तिसरी अट कुठे लिहिलेली असो वा नसो, आपण पाळायची आहे. सरकारने सोपवलेल्या कामात दारात आलेल्या बाईपुढे धर्माचा विषय काढायचा नाही. ती घाबरलेली असते, उपकाराच्या ओझ्याखाली असते, आणि त्या वेळी तिने दिलेला कुठलाही होकार माझ्या त्या कागदावरच्या "हो" सारखाच असतो. शोमरोन्यानेही जखमी माणसाला तो कुठल्या डोंगरावर उपासना करतो ते विचारले नव्हते.

मग दानाचा पैसा कुठे लागतो? सुरुवातीचा प्रश्न इथे सुटतो. नुकसानभरपाईची तरतूद आहे. फौजदारी कायद्यात 2009 पासून पीडित भरपाईचे कलम आहे, ते आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 396 म्हणून आले आहे. आरोपी सापडला नाही तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि चौकशी 2 महिन्यांत व्हायला हवी. आपल्या राज्याची मनोधैर्य योजना 2013 पासून आहे. तिची कमाल मदत पुढे 10 लाखांपर्यंत वाढली आणि ती याच प्राधिकरणामार्फत मिळते. स्त्रियांना, बालकांना आणि अनुसूचित जमातीच्या सर्वांना उत्पन्न न पाहता वकील मोफत आहे. हे सगळे सरकारचे आहे आणि ते आपण आपल्या पैशाने द्यायला जाऊ नये. दिले तर सरकार आपली जबाबदारी विसरेल. आपल्याला लागतो तो मधल्या दिवसांचा पैसा, पहाटेच्या काळी-पिवळीचे भाडे, वाटेतली भाकरी, रिचार्ज, बँक खाते नसलेल्या बाईचे खाते उघडून होईपर्यंतचे किराणा, भत्ता मंजूर होईपर्यंत दुभाष्या मुलीचा बुडालेला रोज. मंजूर झालेली रक्कम परत आली की ती पुन्हा त्याच डब्यात जाते. या डब्याचा हिशेब वेगळा ठेवला आहे आणि तो शेवटच्या पानावर छापतो.

वेळप्रसंगी लागणारे नंबर इथेच देते, फळ्यावर लिहून ठेवा: तातडीसाठी 112, महिलांसाठी 181, बालकांसाठी 1098, मोफत विधी सल्ल्यासाठी 15100. बाईला फोन करून देऊन बाजूला होऊ नका. भाषेची अडचण फोनवर दुप्पट होते, शेजारी बसा.

ज्या मंडळ्यांत आदिवासी बोली आणि मराठी दोन्ही चांगल्या बोलणारी, वयाने अठरा पूर्ण झालेली मुले-मुली आहेत, त्यांनी त्यांच्याशी आधी घरी बसून बोलावे. हे काम ऐकायला जड आहे, सगळ्यांना झेपत नाही, आणि नाही म्हणणाऱ्याला कमी लेखू नये. तयार असणाऱ्यांची शाळेचा दाखला आणि आधार यांची प्रत आमच्याकडे पाठवावी. दोन दिवसांचे शिक्षण आम्ही देऊ, त्यात पहिला अर्धा दिवस फक्त एकाच गोष्टीचा असतो: प्रश्न जसा विचारला तसाच सांगायचा, उत्तर जसे आले तसेच सांगायचे आणि मधे आपले काही घालायचे नाही. कळले नाही तर "कळले नाही" म्हणायचे. हे मला त्या दिवशी कुणी शिकवले असते तर बरे झाले असते.

आतापर्यंत आपल्याकडून चार नावे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे दिली आहेत. त्यांतल्या एकीला एकदा बोलावणे आले. ती गेली, पाच तास थांबली आणि जबाब तिच्या बोलीतून नीट झाला. तिचे मानधन अजून मिळालेले नाही. स्मरणपत्र दिले आहे. तोवर तिचा त्या दिवसाचा रोज डब्यातून दिला. सेवा देणारी संस्था म्हणून नोंदणीचा आपला अर्ज 3 वर्षांच्या कामाच्या अहवालासह तयार आहे, कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत तो ठरावासाठी येईल. ज्या सभासदांना अटींविषयी शंका आहेत त्यांनी त्या बैठकीआधी लेखी कळवाव्यात. सातपुड्यातली ती बाई सध्या माहेरी असते, लेकरे तिच्याजवळ आहेत. मोडलेला हात पुरता सरळ झालेला नाही.